रिकामी फेरी

तीस वर्षं मी हवा वाहिली.
हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.
अँटवर्पच्या धक्क्यावरून गेंटपर्यंत
बारा टनांचा ट्रक, पाठीमागे अर्धा मोकळा,
उरलेल्या अर्ध्यात खोकी,
खोक्यांत पुन्हा फुगवलेल्या पिशव्या.
दोऱ्याच्या एका रिळाला
तान्ह्या बाळाएवढी ऐसपैस जागा.

आता गुडघा कुरकुरतो, ट्रक भंगारात गेला
आणि मला मिळाली तीन चाकांची सायकल.
पुढे पेटी, पेटीखाली बॅटरी,
अबोल, पण पुलाच्या चढावर खांदा देणारी.
लीस्बेट म्हणाली, बाबा, या वयात?
मी म्हटलं, या वयातच. पूर्वी वेळ कुठे होता?
ट्रकमध्ये असताना मी या शहराचे
फक्त नो-पार्किंगचे फलक वाचले होते.

जुन्या कार-पार्किंगचा तळमजला, ते आमचं गोदाम.
भिंतीत डिझेल अजून मुरलेलं.
पहाटे पाचला तुंजाय पेट्या लावतो, गल्लीवार:
औषधं, चष्मे, पाव, कुणाच्या तरी मांजराचं खाणं.
जे शेवटी द्यायचं ते आधी भरतो.
सातासमुद्रापलीकडून माल येतो हसतखेळत,
म्हणतो तो, आणि शेवटच्या कोसाला
त्याला धाप लागते.

त्या शेवटच्या कोसात राहते गोडेलीव्ह.
लेये नदीच्या वळणाला, निळं दार, तिसरा मजला.
आठवड्यातून चारदा तिचं खोकं.
सोमवारी बटणं.
मंगळवारी तीच बटणं परत.
बुधवारी सपाता, एक नंबर लहान.
शुक्रवारी सपाता परत, आणि
का कोण जाणे, कंदील.

तुंजायनं हिशेब मांडला.
एका बाईपायी महिन्याला सतरा फेऱ्या, अल्फोन्स!
तिला सांग, आता गुरुवारी सगळं एकत्र,
गल्लीला एकच फेरी.

मी सांगितलं. टोपी हातात धरून,
धूर, बॅटरी, रस्त्यावरची गर्दी, सगळं समजावून.
ती ऐकत होती. म्हणाली, बरोबर आहे तुमचं.
मग दाराची कडी उगाच पुसत म्हणाली,
पण मग सोमवारी बेल कोण वाजवणार?

खाली येईपर्यंत तीन मजले लागले मला,
एवढी साधी गोष्ट कळायला.
रोज ती सही करायची, पोच म्हणून.
मला वाटायचं, मालाची पोच.
ती स्वतःची देत होती:
मिळाले. आहे. अजून आहे इथे.
आणि माझ्यासारखा पोच नसलेला माणूस
तो कागद घडी घालून खिशात टाकत होता.

तेव्हापासून गुरुवारी तिचं एकच खोकं,
खोकंही लहान, आत हवा नाही.
आणि सोमवारी मी पेटी मोकळी करून
गोदामाकडे न वळता नदीकडे वळतो.
भरलेली पेटी गप्प असते,
रिकामी दगडी रस्त्यावर नुसती खडखडते,
त्यामुळे बेल वाजवायच्या आधीच
वर खिडकी उघडलेली असते.

परवा तिनं कपाट उघडून दाखवलं.
चार वर्षांची खोकी, दाबून सपाट केलेली,
सुतळीनं बांधलेली, आकारानुसार.
रिकाम्या हातानं जाऊ नये कुणाच्या घरून,
म्हणाली, आणि गठ्ठा माझ्या हातात दिला.
वर कॉफी. कॉफी फारच पातळ होती.

तुंजाय वहीपुढे बसलाय पेन्सिल कानाला लावून.
रिकामी फेरी, की परतीचा माल?
कुठल्या रकान्यात मांडू, सांग.
मी गुडघ्याला मलम लावतोय.
सुतळीची गाठ इतकी घट्ट आहे
की ती कापावी लागेल, किंवा
तिलाच विचारावं लागेल, सोमवारी.