कुपी क्रमांक ४१७

पोर्वेनीर या शब्दाचा अर्थ आहे, येणारा काळ.
असं नाव घेऊन हे गाव सामुद्रधुनीच्या काठी बसलंय,
पत्र्याची पिवळी घरं, पत्र्याचीच निळी,
झाडं सगळी पूर्वेला ओणवी,
कुणी मानगुटीला धरून वाकवल्यासारखी.

मी इथे कागद तपासायला आले आहे.
कुप्या किती आल्या, किती दिल्या, किती फुटल्या,
फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहिलं की नाही.
माणसं मला आकड्यांनी भेटतात.

४१७. पुरुष. वय एकाहत्तर.
पहाटे पाच-चाळीस, चहाचा पेला उजव्या हातातून निसटला.
अक्षर यूबित्साचं. रात्रपाळीची नर्स.
तिचे पणजोबा सोन्याच्या मागे दाल्मातियाहून इथे आले
आणि मेंढ्या राखत मेले.
तिच्या प्रत्येक साताच्या कमरेला एक आडवी रेघ आहे.
समासात तिने लिहिलंय,
वारा ताशी एकशे दहा. बंदर बंद. विमान नाही.

गुठळीमागचा जो भाग गेला तो गेला.
पण त्याच्याभोवती एक कड उरते,
मुकी, पण जिवंत,
ग्रहणातल्या अर्ध्या उजेडासारखी. उपच्छाया.
मिनिटाला वीसेक लाख पेशी विझतात
आणि बाकीच्या वाट बघत बसतात.
औषध त्यांच्यासाठी.
वाट मोकळी करणं त्याला जमत नाही.
ते फक्त सांगतं, थांबा,
दिवा मालवू नका, पलीकडून कुणीतरी निघालंय.

उंदरांत हे औषध फार छान चाललं.
उंदरांत आजवर पुष्कळ औषधं फार छान चालली.
त्यांची यादी आमच्या साहेबांना तोंडपाठ आहे,
जेवताना तो विषय ते काढू देत नाहीत.

कुपीत औषध होतं की नुसतं मिठाचं पाणी
हे यूबित्साला माहीत नाही, मलाही नाही.
दूर कुठल्याशा शहरातल्या एका संगणकाला ठाऊक आहे
आणि त्याला कुणी अजून विचारलेलं नाही.
सहा-पंचवीसला तिने सुई टोचली.
मग दुपारी वारा पडेपर्यंत त्याच्या उशाशी बसून
ती मेंढ्यांची नावं घेत राहिली,
त्याच्याच जुन्या कळपातल्या, आठवतील तशी.
फॉर्मवर याला रकाना नाही.
तिने मला सांगितलं. मी नोंदवलं नाही.

नव्वदाव्या दिवसाच्या भेटीला मी सोबत गेले.
निबाल्दो बार्रिया. चाळीस वर्षं लोकर कातरली,
ऐन हंगामात दिवसाला दीडशे मेंढ्या.
आता डाव्या हाताने बटाटे सोलत होता,
साल जाड निघत होती,
एदेल्मिरा ती उचलून पुन्हा सोलत होती, त्याच्या नकळत.

त्याच्यापुढे चित्रांचा कागद ठेवला.
किल्ली. हातमोजा. खुर्ची. निवडुंग. झुला. पीस.
(झुला इथे कोण बांधणार, आणि कशाला?)
किल्लीला तो म्हणाला, वारा.
खुर्चीला, वारा.
निवडुंगाकडे बराच वेळ बघितलं, मग चिडून, वारा!
एदेल्मिरा खिडकीकडे तोंड करून उभी होती.

परतताना मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं,
माझ्या भाषेत असल्या दुखण्याला म्हणतात
अंगावरून वारं गेलं.
यूबित्सा हसली नाही.
म्हणाली, इथे तर सगळ्यांच्याच जातं, रोज.
थोडं चालून झाल्यावर म्हणाली,
पिसाला तो काय म्हणाला, ऐकलंस?
मी ऐकलं नव्हतं. मी घड्याळात बघून वेळ लिहीत होते.
तिनेही मग सांगितलं नाही.

फ्रिजमध्ये ४१८ पासून पुढच्या आहेत,
सगळ्या पाण्यासारख्या.
तापमान चार अंश, सही बरोबर.
कागद पूर्ण झाले, बॅग भरून झाली.
बंदर आज बंद आहे.