अकरावा आठवडा

पॅकहाऊसच्या संडासात ट्यूब फडफडत होती.
आधी वाटलं, द्राक्षाचा डाग.
मग आठवलं, आपल्याकडे सगळी थॉमसन,
हिरवी.

सासूबाई फोनवर: पडून राहा, होतं असं.
मुकादम: एवढा कंटेनर भरू दे.
आशाताई रखमाबाईनं एकच विचारलं,
"कधीपासून?"
आणि दहा मिनिटांत रिक्षा घेऊन दारात.

दिंडोरी रोडचा एकेक गतिरोधक
मी पोटावर हात ठेवून सोसला.

सिव्हिलमध्ये डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत
बराच वेळ गप्प.
मग आवाज मोठा केला त्यांनी.
टपटपटपटप, श्वास न घेता,
जसं आत कुणी
घाईनं पेट्या भरतंय.

"परत दिसलं तर थेंबाचीही वाट बघू नकोस,
रात्री दोनला ये."

बाहेर मुकादमाचे सात मिस कॉल.
वाजू दिला आठवा.