एकशे एक्क्याण्णव

पहाटे तीनला उद्धव डंभारेचा फोन:
"मॅडम, काटा पुन्हा मुका झाला."

जिनिंगच्या फाटकापासून पार नाल्यापर्यंत
बंड्या, ट्रॅक्टर, एक उलार झालेला टेम्पो.
कापसाच्या ढिगांवर गोधड्या घेऊन निजलेली माणसं.
कुणीतरी तुरीच्या शेंगा भाजत होतं,
त्या वासातून मी स्कूटी काढली.

काटा धड होता.
पडला होता तो नोंदी ठेवणारा,
सर्व्हरच्या पोटात बसून रात्रंदिवस लिहिणारा कारकून,
ज्याचं नाव इथे कुणाला ठाऊक नाही.
त्याला सांगितल्याशिवाय काटा पुढचं वजन घेत नाही.
तो ऐकेना म्हणून काटा,
काटा म्हणून फाटक,
फाटक म्हणून बैल.

उठवला. पाच मिनिटं लिहिलं त्यानं.
पुन्हा पडला.
शेवटची ओळ अर्धी:
तीन सव्वीस, ओलावा नऊ पूर्णांक
आणि पुढे कोरं.
सगळ्यांचं लिहून ठेवणाऱ्याला
आपलं पडणं तेवढं लिहिता येत नाही.

मग तारेला कान लावून बसले, कोण काय बोलतंय ते ऐकत.
प्रत्येक निरोपाच्या कपाळावर एक आकडा असतो.
आठानं भागा, येईल तो खण.
खण चोवीस. सगळ्यात मोठा आकडा
एकशे एक्क्याण्णव. त्याच्या वर काही नाही.

आणि दिवाळीत आणलेलं, ओलावा मोजायचं स्वस्तातलं यंत्र
दर पाच मिनिटांनी कपाळावर
नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव लिहून यायचं.
हा बिचारा
बारा हजार चारशे नव्याण्णवावा खण शोधत
भिंतीतून पलीकडे जायचा.

कुणी मुद्दाम केलं असतं तरी असंच झालं असतं,
हे सुचलं
आणि स्वेटरातही अंगावर काटा आला.

चौकीवरून बापूराव कुळमेथे चहा घेऊन आले.
काखेत त्यांचं रजिस्टर:
शेतकरी, व्यापारी, हमाल, इतर.
"परवा एक सायेब आला गाडीतून.
मले म्हने, माहं नाव अव्वल लिव.
म्या 'इतर'मंदी लिवलं, येऊ देल्लं.
कायले भांडा?"
चहात साखर फार होती.

दोन ओळी लिहिल्या.
आकडा हद्दीबाहेरचा असेल
तर हाकलायचं नाही, शोधतही बसायचं नाही,
पंचविसावा खण करायचा, त्यात टाकायचा,
नाव: अनोळखी,
आणि पुढचा निरोप ऐकायचा.

पहिल्यांदा चुकले.
'पेक्षा मोठा'च्या जागी 'तेवढा किंवा मोठा' झालं,
आणि खराखुरा एकशे एक्क्याण्णवही
अनोळखी ठरून बसला बाहेर.
एक चिन्ह खोडलं.

चार एक्कावन्न. यंत्र आलं, तेच कपाळ घेऊन.
अनोळखी. ओलावा नऊ पूर्णांक चार.
आणि लगेच खालच्या ओळीत
बंडी, सहा क्विंटल वीस.
मग ट्रॅक्टर. मग बंडी.

बाहेर उद्धव ओरडत होता, "घ्या रे पुढं, घ्या!"
घुंगरं हलली.
माणसं गोधड्यांतून निघाली तशी
केसांत रुई घेऊन काट्याकडे बघत होती,
माझ्याकडे कुणी नाही.

राळेगावच्या जिनिंगात हाच कारकून आहे,
वणीतही,
त्याच पोकळ भिंतीला पाठ लावून लिहीत.
राळेगावला फोन लावला.
वाजत राहिला.