सीट सोडून

हत्तरगीच्या पुढं, डांबर संपतं तिथं,
गोठ्याला टेकून उभा होता तो.
झेटर. चोवीस वर्षं बंद.
मागच्या चाकातून घोसाळ्याचा वेल वर गेलेला,
स्टिअरिंगला दोन वेढे देऊन
पुढं बॉनेटवर पसरलेला.
नंबरप्लेटवर एम वाय एवढंच उरलेलं,
मैसूर राज्य म्हणायचे तेव्हाचं.

भंगारवाला आदल्या दिवशी किलोचा भाव करून गेलेला.
मी ट्रॅक्टरचा केला.
तंगेव्वानं माझ्याकडं बघितलं,
मग त्याच्याकडं, परत माझ्याकडं,
दोघांत जास्त गंजलेलं कोण ते ठरवत असल्यागत.
"कोडतेनि," म्हणाली. देते.
"सीट सोडून."

लोखंडी सीट तिनं केव्हाच काढून
चार विटांवर ठेवलेली.
तिच्यावर बसून ती म्हैस पिळत होती.
"कुंदराक बेकु." बसायला लागते की मला.
तुला काय, तू फिरणार.

आमचं शेत नाही.
मच्छेला तीन खोल्या, पुढं अंगण, अंगणात एक पेरू.
तेहेतीस वर्षं उद्यमबागेत लेथवर
दुसऱ्यांच्या मशीनचे शाफ्ट उतरवले.
क्रेन त्याला खाली ठेवत होती
तेव्हा शेवंता दारात उभी.
"नांगरणार काय त्यानं? माझं टकुरं?"
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

पिस्टन जाम.
दस्तगीर मिस्त्री म्हणाला, घाई नको,
जाम झालेल्याला मारलं की ते तुटतं.
डिझेल न ऑइल अर्धं-अर्धं,
दोन्ही सिलिंडर गळ्यापर्यंत, वर फडकं.
रोज चहाच्या आधी मी फ्लायव्हीलला पहार लावून बघायचा.
सोमवारी नाही. गुरुवारी नाही.
गणपती बसले, उठले.
एअर क्लीनरात उंदराचं घर निघालं,
त्यात तंबाखूच्या काड्या
आणि कन्नड लग्नपत्रिकेचा एक कोपरा,
तारीख कुरतडलेली.
टाकीत खडी न रॉकेल घालून
ती आम्ही अंगणभर लोळवली,
गल्लीतली पोरं गोल मोजायला.

एकविसाव्या दिवशी पहार एक बोट हलली.
मी कुणाला सांगितलं नाही.
चहा प्यालो, परत जाऊन बघितलं.
होय, हललीच होती.

हेड गॅस्केट कोल्हापुरात मिळालं, जुनं, तांब्याचं.
कोगनोळी नाक्यावर पोलिसानं पिशवी उघडली,
ते उन्हाला धरलं,
त्याच्या भोकातून माझ्याकडं बघितलं.
"इदेनु?"
ट्रॅक्टर, म्हटलं.
हसला. जा म्हणाला.

दिवाळीनंतरच्या रविवारी सुरू झाला,
अकरा सेकंद,
आणि खोकून गप्प.
लाइनीत हवा.
दस्तगीरनं नट सैल केला, मी हातपंप दाबत राहिलो,
फेस, फेस, परत फेस,
मग एकदम धार, चहासारखी स्वच्छ.
"हां. आवळ."
दुसऱ्या वेळी एवढा धूर की पेरू दिसेना,
आणि फरशीतून काहीतरी चढत आलं
पोटऱ्यांत, बरगड्यांत, कवळीत.
"वाळत घातलेलं सगळं काळं केलंसा!"
शेवंता ओरडली,
पण जागची हलली नाही.

फळीवर पोतं दुमडून सीट केली
आणि एका पहाटे हत्तरगीला नेला.
चार तास लागले. एसट्या हॉर्न मारत गेल्या.

तंगेव्वा म्हशीखाली, त्याच सीटवर.
उठली नाही. मानही वळवली नाही.
"डावीकडं ओढतंय काय अजून?"
तिचा नवरा तसाच चालवायचा म्हणे,
सगळ्या सऱ्या डावीकडं कललेल्या,
गाव हसायचं.

पुढच्या चाकाचा तो बुश मी स्वतः काढलेला,
जुन्या कारखान्यात, ओळखीच्या लेथवर, पितळी.
नाकासमोर चालतो आता.

"ओढतंय," म्हटलं.

"हूं," म्हणाली,
आणि बादलीत धार परत वाजायला लागली.