पेचकस

हडर्सफील्ड. खाली व्हेपचं दुकान, वर माझं टेबल.
क्लिफर्ड लम यांचा लॅपटॉप उपडा घालते:
अकरा बारीक स्क्रू बशीत,
बारावा आधीपासूनच नव्हता.

आत हायब्रिड डिस्क.
धड ना इकडची, ना तिकडची.
रोज मागाल ते चिपवर, हाताशी;
उरलेलं सगळं तबकडीवर, आणि ती
हाक मारली की कुरकुरत उठते.

"चालू व्हायला चार मिनिटं," ते म्हणाले होते,
"तेवढ्यात माझा चहा होतो."

नवी एसएसडी बिस्किटाएवढी.
ना गरगर, ना धाप.
सगळं उतरवून घेताना सत्त्याण्णव टक्क्यांवर अडलं,
जुनी डिस्क एकच फाईल घासत बसली:
कबुतरांच्या शर्यतीचे निकाल, २००९.

तेवढ्यात चिपळूणहून मामा: काय चाललंय?
"स्क्रू काढतेय मामा, ह्या… ह्यानं…"
वस्तू हातात, नाव नाही.
इंग्रजी शब्द तर जिभेवर तयारच होता,
तो मी गिळला.
मामा थांबला. त्याला घाई नसते.
मग आत कुठंतरी, खोल,
काहीतरी फिरायला लागलं.
"पेचकस!"
एवढ्या मोठ्यानं, की खालचा व्हेपवाला
जिन्याशी येऊन वर बघून गेला.

मंगळवारी लम परत आले.
नऊ सेकंदांत सुरू होतो, म्हणाले. उत्तम.
पण किटली मागे पडते.

जुनी डिस्क आहे का अजून, विचारलं.
होती. ड्रॉवरमध्ये.
रुमालात गुंडाळून घेऊन गेले,
दोन्ही हातांनी,
कबुतर न्यावं तशी.