रकाना अकरावा

फॉर्मवर विचारलंय, नुकसान नेमकं कधी झालं.
शुक्रवारी, ऑक्टोबरची नऊ तारीख.
पण रस्ता उकरलात त्याला तेव्हा सहा आठवडे झाले होते
आणि माझी झोप पहिल्याच दिवशी गेली होती.
ते कुठे लिहू?

आमचा डुलूथचा उतार तुम्हाला माहीत असेलच.
वरच्या गल्लीत कुणी बादली लवंडली
की खालच्या गल्लीतली मांजर पाय झटकते.
सगळं घरंगळत जातं थेट लेक सुपीरियरपर्यंत,
चेंडू, पानं, एका हिवाळ्यात पोस्टमन.
तुमचंच पाणी तेवढं थबकलं
माझ्या तळघराच्या खिडकीशी,
आणि आत आलं.

अकरा इंच. शिवणकामाच्या टेपनं मोजलंय.
चिखलही ठेवलाय, लिंगनबेरीच्या मुरंब्याच्या बरणीत,
तळाशी खडी, वर बारीक लाल माती.
ती माझ्या अंगणातली नाही.
माझ्या अंगणातली मी ओळखते.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, पाऊस. म्हणजे अस्मानी.
सिटी हॉल म्हणतो, कॉन्ट्रॅक्टर. म्हणजे सुलतानी, पण आमची नव्हे.
विमा कंपनीची मुलगी, आवाज गोड, म्हणते
जमिनीवरून आलेलं पाणी पॉलिसीत बसत नाही,
नळातून आलं असतं तर बघता आलं असतं.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
इथे सगळे तेवढंच विचारत बसलेत.

मग ओव्हरबी नावाचे मूल्यमापक आले,
बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून.
सौनाच्या फळीला बोट लावलं, बोट पुसलं.
किती जुनी?
एकोणीसशे एकोणऐंशी. कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात
रेयनोनं स्वतः ठोकली.
ठोकत बसला नसता तर पीत बसला असता.
त्यांनी लिहिलं: देवदार, घसारा वजा जाता, शून्य.
घसारा.
रात्री मी तो स्वतःलाही लावून पाहिला.
सत्त्याहत्तर वर्षं. गुडघे तेवढे नवे आहेत,
त्यांचे काही मिळाले तर मिळतील.

रविवारी दारात एक पोरगा.
रस्त्यावर ‘थांबा’ची पाटी धरून उभा असायचा, तोच, कोडी.
हेल्मेट हातात, चर्चमध्ये आल्यासारखा.
म्हणाला, शुक्रवारी मी वाळूच्या पोत्यांचं बोललो होतो.
मुकादम म्हणाला, ओव्हरटाइम कोण देणार, सोमवारी बघू.
म्हणाला, हवं तर लिहून देतो.
मी कॉफी ओतली. वेलदोड्याचा पुल्ला होता कालचा, तोही ठेवला.
फोनवर त्यानं बाळ दाखवलं, सहा दिवसांचं,
मुठी आवळलेलं,
त्याचंही कुणाकडून येणं असल्यासारखं.

रकाना अकरा. साक्षीदार असल्यास नाव, पत्ता.
पेन टेकवलं. शाईचा ठिपका पडला.
ठिपक्याच्या पुढे हात गेला नाही.

तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला.
अर्ज अपूर्ण. रकाना अकरा.
पुन्हा पाठवीन. बरणी पाठवीन.
सही, तारीख, टेपचा फोटो,
आणि तो ठिपका तसाच.

आज सौनाची शेगडी पेटवली.
फळ्या अजून फुगलेल्या, मधल्या बाकाचं टोक वर आलंय,
बसलं की खुर्चीसारखं नाही, होडीसारखं वाटतं.
तापल्या दगडांवर एक पळी पाणी टाकलं.
वाफेला तुमच्या रस्त्याचा वास, डांबर आणि डिझेल.
दुसऱ्या पळीलाही तोच.
तिसऱ्या पळीला
किंचित देवदार.