तिसरा रकाना

मर्व्हिन गिलिकिन जाळं ओढताना बोलत नाही.
कोअर साउंडचं पाणी इथे कमरेइतकंच,
याला समुद्र म्हणवत नाही मला,
आमची देवगडची खाडीसुद्धा याहून जास्त कुरकुरते.

मी सरकारी माणूस. नारिंगी जाकीट, मोजपट्टी, फॉर्म.
पहिल्या दिवशी त्याची बायको ओलेटा धक्क्यावर म्हणाली,
"तूच ती मोजणारी?"
आणि हातात डबा ठेवला,
मक्याची जाड, थंड भाकरी.

फ्लाउंडर येत होते जाळ्यातून,
चपटे, दोन्ही डोळे एकाच कुशीला,
जन्मभर एकाच गोष्टीकडे बघायचं ठरवल्यासारखे.
सत्तावीस. अठ्ठावीस.
मग जाळं जड झालं.
मासळीचं जड वेगळं असतं,
एव्हाना मलाही कळतं.

ताटाएवढं हिरवं कासव.
पुढच्या पंखाला तीन वेढे.
मर्व्हिननं गाठ सोडवत बसला नाही वेळ,
चाकू घातला सरळ,
नव्या जाळ्याला, ज्याचे पैसे अजून फिटायचेत.

नियम असा: पोटावर ठेवायचं, उताणं नाही.
मागची बाजू वीतभर उंच.
अंगावर ओला टॉवेल. वाट बघायची.
उंचीसाठी काही सापडेना
तेव्हा त्यानं पायातला गमबूट काढून खाली सरकवला.
मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.
कासवाच्या नाकातून पाणी ठिबकलं,
दोन थेंब, मग काही नाही.

आमच्या देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कासव आहे, दगडाचं.
सगळे वाकून हात लावतात.
लहानपणी मी त्याच्या पाठीवर उभी राहिले
आणि गुरवाचा धपाटा खाल्ला.
त्या कासवाला कधी श्वास घ्यावा लागला नाही.

कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं पोसते, म्हणे.
मी बघत राहिले.
माझ्या नजरेत तसलं काही नसावं.
मर्व्हिनही बघत होता. त्याच्या नजरेत हिशेब होता,
आणि हिशेबाच्या तळाशी आणखी काही,
त्याला माझ्याकडे शब्द नाही.

हिशेब साधा होता.
या टापूत यंदाच्या मोजणीत एकच शिल्लक.
हे एक लिहिलं की जाळी वर, सगळ्यांची.
त्याच्या मेव्हण्याची, डेव्हिस गावच्या दोघा भावांची,
परवाच हप्त्यावर मोटर घेतलेल्या त्या पोराची.
जिवंत असो, मेलेलं असो, फॉर्मला दोन्ही सारखीच.

तो म्हणू शकला असता,
ते बघ, पलीकडे पेलिकन उतरले.
मी बघितलेही असते कदाचित.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानं माझ्या मांडीवरची पट्टी उचलली,
पाठीवर धरली, मानेपासून शेपटीपर्यंत.
"साडेबारा इंच," म्हणाला. "लिही."

साडेसातला पंख हलला.
मग पुन्हा हलला, आणि या वेळी होडी स्थिर होती.
शेपटीला बोट लावलं तर ती आखडली,
की माझंच बोट थरथरलं?
दोघांनी मिळून कडेवरून खाली सोडलं,
बाळाला घंगाळात सोडतात तसं, मानेखाली हात धरून.
ते पोहलं नाही लगेच.
तिरकं खाली गेलं, गढूळ झालं, दिसेना.

मर्व्हिन एकच शब्द बोलला.
त्याच्या भाषेतला तो शब्द आता आठवत नाही,
मला मात्र ऐकू आलं: गेलं.
आणि आमच्याकडे गेलं म्हणजे
गेलं, आणि गेलं.

फॉर्मवर तीन रकाने असतात.
जिवंत. मृत. सांगता येत नाही.
पेन ओलं झालं होतं, दोनदा गिरवावं लागलं.

धक्क्यावर ओलेटानं विचारलं, किती?
"अठ्ठावीस," तो म्हणाला, आणि थांबला,
"आणि एक."
तिनं डबा परत घेतला. रिकामा आहे का, बघितलं नाही.

तो घराकडे चालत निघाला.
बराच वेळ मला ऐकू येत होतं,
त्याच्या एका बुटात
पाणी वाजत होतं.